धरणाला भरती नसते म्हणे

दोन हजार तेवीस साली मी अडुसष्ट वर्षांचा होतो. पासपोर्टात पासष्ट लिहिलंय. ते एजंटाने लिहिलं, जन्म आईने दिला, तेव्हा कुणाचं खरं धरायचं ते वाचणाऱ्याने ठरवावं. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो. पुढचं शिक्षण लाकडाने दिलं. ओमानात सहमच्या बाजारामागच्या गल्लीत माझं सुतारकामाचं दुकान आहे. परवाना अर्बाबच्या, म्हणजे इथल्या ओमानी मालकाच्या नावावर, घाम माझा. दुकानाच्या मागे दोन खोल्या, त्यात मी आणि बायको.

आणि रोज संध्याकाळी समुद्र. काठी नाही, यंत्र नाही, लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेली दोरी, तिच्या टोकाला गरी, गरीला कोलंबी. रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीत मी चालायला लागलो तेव्हापासून हेच करतोय. तांबोशी दोरीला लागली की ती किती वजनाची आहे ते मी बोटावर सांगतो. मासा हा विषय निघाला की मी कुणाचं ऐकत नाही. खरं तर दुसरा विषय निघाला तरी ऐकत नाही, असं बायको म्हणते. तिचं काही मनावर घेऊ नका.

त्या साली माझ्या मुलीला सातवा महिना लागला होता. उशिरा झालेली, एकुलती एक. ती आणि जावई अल खौदला राहतात, गाडीने सहमहून दोन तासांवर. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काय? मी दुकानामागची मोठी खोली रंगवून घेतली, खिडकीला जाळी मारली. आणि व्याह्यांचा फोन आला.

"पाव्हणं, पोरीला हितंच ऱ्हाऊ द्या. दवाखाना जवळ हाय. तुमच्याकडं लाकडाचा भुसा उडतो, बाळाच्या नाकात जायचा."

सुताराला भुशाचं सांगतात! मी म्हटलं, "चाळीस वर्षं माझ्या नाकात जातोय. मला काय झालं?"

मागून बायको म्हणाली, "तुम्हाला काय झालंय ते मला विचारा."

व्याही इंदापूरकडचे. साखर कारखान्यात काट्यावर उसाच्या बैलगाड्या मोजून रिटायर झालेले. विहीणबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून एकटेच. नातवंड बघायला म्हणून व्हिजिट व्हिसावर आले होते. माणूस वाईट नाही, पण त्यांनाही मासेमारीचं वेड, आणि तेही धरणाच्या गोड्या पाण्यातल्या. उजनीच्या फुगवट्यावर सुट्टीचा प्रत्येक दिवस काढला म्हणतात. त्यांच्या बॅगेत कपडे कमी आणि प्लॅस्टिकचा एक डबा मोठा, खणाखणांचा. खणांत खोटे मासे. एक चकचकीत चमचा, त्याला मागे गळ. एक लाकडी मासा, तोंडाला प्लॅस्टिकची जीभ, ओढला की त्या जिभेने पाण्यात बुडी मारतो म्हणे. रबरी बेडूक. रबरी गांडुळं, काळी, जांभळी, हिरवी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी विचारलं, "नातवाला खेळायला आणलंत?" तिथून आमचं बिनसलं.

बायकोने मला समोर बसवलं आणि म्हणाली, "त्यांना धरणावर न्या. कुरियातच्या डोंगरात आहे ना मोठं, तिथे. मासा त्यांना लागू द्या. खुशीत आले की बाळंतपणाचा विषय काढा. माणूस मासा धरल्यावर कशालाही हो म्हणतो. तुम्ही नाही का त्या मोठ्या तांबोशीच्या दिवशी मला बांगड्यांना हो म्हणालात."

"आणि मला आधी लागला तर?"

"सोडून द्यायचा. तुम्ही मुलीचे बाप आहात. मुलीच्या बापाने वाकायचं असतं."

"माझी कंबर धरते."

"मग निदान मान वाकवा."

मी कबूल झालो. मुलीसाठी माणूस काय काय करतो. पण एक अट घातली, येणाऱ्या शुक्रवारी नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारी जायचं. कारण येणारा शुक्रवार अष्टमीच्या आसपास पडत होता. आमच्याकडे लहान मूलसुद्धा सांगेल, अष्टमीला भांग असते, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, मासा सुस्त. पुनवेला उधाण, पाणी पोटभर चढतं, त्याच्याबरोबर मासा आत येतो. त्यामुळे आठवडाभर सगळ्यांना थांबवलं. जावयाने घेतलेली सुट्टी बदलली. व्याह्यांनी फोनवर विचारलं, "का वो थांबायचं?" मी म्हटलं, "पाण्याचं गणित आहे." त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, पटलं.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी बायकोला घेऊन अल खौदला गेलो, तिला मुलीकडे सोडलं आणि मी बौशरला आमच्या गावच्या एका पेंटरच्या खोलीवर झोपायला गेलो. मुलीच्या सासरी रात्र काढायची नाही हा माझा नियम आहे. जेवतो, पाणी पितो, पण पाठ टेकत नाही. मुलगी दर वेळी चिडते. "बाबा, सासर कसलं? रेंटवरचा फ्लॅट आहे!" भाड्याचं का असेना, सासर ते सासर.

पहाटे जावयाने मला बौशरहून उचललं. गाडीत पुढे व्याही, कारण मान त्यांचा. मागे मी, बायको आणि मधे मुलगी. डॉक्टरने तिला फिरायला हरकत नाही म्हटलं होतं, आणि हरकत असती तरी ती आली असती. ती माझ्यावर गेलीय. माझ्या मांडीवर बर्फाच्या पिशवीत कोलंबी, व्याह्यांच्या मांडीवर त्यांचा डबा. डोंगराच्या वळणावर दोघांनीही आपापलं घट्ट धरलं.

धरण मोठं आहे, ते मानावं लागेल. उघडेबोडके डोंगर आणि मधे एवढं हिरवं पाणी. पाणी खाली गेलेलं, खडकांवर पांढरे पट्टे उठलेले, कुठवर होतं ते दाखवणारे. राखणदार ओमानी पोरगा. त्याने आम्हा दोघांकडे बघून हाताने पोहल्यासारखं केलं आणि म्हणाला, "नो स्विमिंग, बाबा."

व्याही म्हणाले, "पोरा, आमचं पवायचं वय ऱ्हायलंय व्हय?" त्याला काही कळलं नाही, पण तो हसला. मग लांबच्या उतरत्या काठाकडे बोट दाखवून म्हणाला, तिकडे बसा. यल्ला, चला.

काठावर उतरल्यावर व्याह्यांनी डबा उघडला. मी खडकावर चटई टाकली आणि बसलो.

"काय पाव्हणं, सुरू न्हाई का करायचं?"

"थांबा. पाणी चढू दे."

"कुठनं चढंल?"

"भरती लागली की."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग धरणाच्या भिंतीकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. "आवं, मागं भिंत हाय. म्होरं डोंगार हाय. भरती काय टँकरनं येणार?" आणि मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. "म्हंजी आठ दिस आपुन ह्याच्यासाठी थांबलो?"

जावई गाडीतून खुर्ची काढत होता, तो तोंड फिरवून खोकायला लागला. मुलगी तर उघड हसली. बायकोने पदर तोंडाला लावला.

मी सांगितलं ते आजही सांगतो. चंद्र पाण्याला ओढतो. समुद्राच्या पाण्याला ओढतो तर धरणाच्या पाण्याला न ओढायला त्याचं काय वाकडं आहे? थोडं ओढत असेल, आपल्याला दिसत नसेल. पण त्या दिवशी ऐकून घेणारं कुणी नव्हतं. मी तोंड मिटून दोरी टाकली. मान वाकवायची कबूल केली होती, ती इथे वाकवली असं समजा.

कोलंबीकडे मोठा मासा फिरकला नाही. बोटाएवढी माशांची पिल्लं आली आणि कोलंबी कुरतडून गेली. पुन्हा लावली, पुन्हा कुरतडली. त्या डोंगरातल्या माशांच्या सात पिढ्यांनी कोलंबी बघितलेली नसणार. सहमची ताजी कोलंबी मी त्यांना चण्यासारखी चारत बसलो.

व्याह्यांचंही काही बरं चाललं नव्हतं. त्यांनी चमचा फेकला. चमचा चमकत आला, रिकामा. लाकडी मासा फेकला, त्याने बुडी मारली, खडकात अडकला, जावयाने काठावरून वाकून तो सोडवला. मग बेडूक. बेडूक पाण्यावरून टुणटुण उड्या मारत परत आला, मागे कुणी नाही.

"वारा सुटलाय," व्याही म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "भरतीचा नसेल."

"पाणी लई निवळ हाय. त्यांस्नी आपुन दिसतोय. सावली पाण्यावर पाडू नगा, पाव्हणं."

"सावली मी काय घरी ठेवून येऊ?"

बायकोने लांबून डोळे वटारले. मी सरकून बसलो.

ऊन चढलं तसे व्याही काठाकाठाने वाकून चालायला लागले, हातात गळाची काठी, डोळे पाण्यात. एका जागी थांबले आणि त्यांनी मला हाताने बोलावलं, बोट ओठावर ठेवून. मी गेलो. गुडघाभर पाण्यात तळाच्या मातीत ताटाएवढे गोल खड्डे होते, कुणी परातीने ठसे उठवावेत तसे. प्रत्येक खड्ड्यात एकेक काळपट मासा शेपटी हलवत उभा.

"चिलापी," ते कुजबुजले. "नर हाय. खड्डा त्येनंच केला. आता भुकेचा प्रश्न न्हाई. ह्यो खायला चावत न्हाई, रागानं चावतो. दारात कुणी आलं की चावला."

"आणि मादी?"

"ती येती, अंडी घालती, तोंडात घेती आन् जाती निघून. तिला बरं वाटंल तिथं."

"आणि हा?"

"ह्यो हितंच. खड्डा राखत."

मला तो मासा पटला. कोलंबीला भुलला नाही यातही त्याचा दोष नव्हता.

व्याह्यांनी काळं रबरी गांडूळ लावलं, लांब उभं राहून फेकलं आणि हळूहळू ओढत खड्ड्यात आणून ठेवलं. मासा आला, गांडुळाकडे बघितलं, ओठांत धरलं, खड्ड्याबाहेर नेलं आणि टाकून दिलं. दारातला कचरा उचलावा तसं. व्याह्यांनी काठी ओढेपर्यंत तो परत खड्ड्यात उभा. पुन्हा टाकलं. पुन्हा त्याने बाहेर नेऊन टाकलं. व्याह्यांची नजर अधू, दोरा हललेला त्यांना दिसायचा नाही. मला दिसायचा.

"आता!" मी ओरडायचो.

"कुठं?"

"गेला!"

"मग आधी सांगायचं की!"

"आधी सांगायला तो मला विचारून चावतो का?"

असं बराच वेळ चाललं. माझे हात शिवशिवत होते. बायको खुर्चीतून माझ्या पाठीकडे बघत होती, ते मला न बघता कळत होतं. शेवटी व्याही थकले. म्हणाले, "जरा धरा. मी आडोशाला जाऊन येतो," आणि काठी माझ्या हातात देऊन खडकामागे गेले.

मी काठी नुसती धरली. देवाशपथ नुसती धरली. गांडूळ खड्ड्यात पडलेलं होतं. मासा आला. दोरा केसाएवढा हलला. आता माणसाने काय करावं? डोक्यात बायकोचं बोलणं होतं, पण हातांना बायको कुठे आहे? हातांनी ओढलं. काठी वाकली, चरखी किरकिर करायला लागली, मी ती उलटी फिरवत होतो ते नंतर कळलं. शेवटी काठी खडकावर टाकली, दोरा हातात घेतला आणि आमच्या खाडीच्या पद्धतीने ओढून मासा बाहेर काढला. दीड वीत, जाडजूड, पाठीवरचे काटे उभे.

बायकोने कपाळावर हात मारला. तेवढा आवाज काठापर्यंत आला.

व्याही खडकामागून धावत आले, नाडी बांधत. "लागला! माझा लागला!"

"तुमचा कसा? ओढला मी."

"काठी कुणाची?"

"हात कुणाचा?"

"गांडूळ कुणाचं? खड्डा कुणी हुडकला? कोलंबी घिऊन भरतीची वाट बघत बसला व्हता तुमी!"

"मग आडोशाला कशाला गेलात? दोरी टाकून माणूस जागा सोडत नाही!"

"तुमाला सगळंच तुमच्याकडं पायजे! मासाबी तुमचा, नातूबी तुमचा. दोन म्हयने पोरगी तिकडं नेऊन ठेवणार, मग मी काय त्या फ्लॅटात भिंतीसंगं बोलू? माझा व्हिसा संपंल, बाळाचं तोंड फोटूत बघून जायचं का मी?"

भुशाचं कारण भुशाचं नव्हतंच. हे त्यांनी पहिल्याच फोनवर सांगितलं असतं तर मी... तर मी तेव्हाही भांडलोच असतो, पण वेगळं भांडलो असतो.

"तुम्ही सहमला या की मग," मी म्हटलं. आवाज जरा चढाच राहिला, तो लगेच खाली येत नाही.

"पोराचा बाप असून सुनेच्या माहेरी पथारी टाकू? लोकं काय म्हंतील?"

"सहममध्ये तुम्हाला ओळखतं कोण?"

तेवढ्यात मुलगी आली. एक हात कमरेवर, एक पोटावर. तिचं मराठी अडखळतं, इंग्लिश मधे घुसतं, पण रागावली की माझ्या आईसारखी बोलते. "बाबा, तुम्ही आमच्याकडे झोपत नाही. आप्पा, तुम्ही त्यांच्याकडे झोपणार नाही. मग मी काय हायवेवर बाळंत होऊ? मधे? एखाद्या पेट्रोल पंपावर?"

जावई धरणाच्या भिंतीकडे बघायला लागला, जशी ती त्याने आत्ताच पाहिली.

"मला कुणी विचारलंय का एकदा तरी? डिलिव्हरी इथे, माझ्या डॉक्टरकडे. तोवर आई माझ्याकडे राहील. नंतर सव्वा महिना मी सहमला जाणार, मला आईच्या हातचं पाहिजे. आणि आप्पा व्हिसा वाढवून माझ्याबरोबर येणार. येणार म्हणजे येणार. फायनल."

"आन् लोकं..." व्याही म्हणाले.

"आप्पा."

"बरं," व्याही म्हणाले.

"आणि बाबा, बाळ येईल त्या दिवशी तुम्ही बौशरला पेंटरकाकांकडे झोपलात तर मी तुम्हाला बाळ दाखवणार नाही."

मी विचार केला. जो नियम मी चाळीस लोकांना ऐकवलाय, तो मोडायचा. मग म्हटलं, "दवाखान्यात बाकड्यावर बसून राहीन. ते सासर नाही."

तिने डोळे मिटले आणि उघडले. "ठीक आहे," म्हणाली. माझी मुलगी आहे, किती ताणायचं ते तिला कळतं.

या सगळ्यात मासा कुणाच्याच लक्षात नव्हता. तो खडकावरून उड्या मारत मारत उतारावर गेला होता, गळ कधीच सुटलेला. जावई म्हणाला, "अहो, मासा!" आम्ही दोघे व्याही एकदम वाकलो, डोकी आपटली, आणि मासा पाण्यात. सरळ आपल्या खड्ड्यात जाऊन उभा राहिला, आमच्याकडे तोंड करून.

"तुमच्यामुळं गेला," व्याही कपाळ चोळत म्हणाले.

"तुमचं डोकं मधे आलं."

बायकोने डबा उघडला. भाकरी आणि तळलेले बांगडे, सहमहून निघतानाच तळून आणलेले. धरणावर मासे धरायला निघालेल्या नवऱ्याबरोबर ही तळलेले मासे घेऊन आली होती. तिचा माझ्यावर किती भरवसा आहे ते त्या डब्यात दिसलं. व्याह्यांनी दोन बांगडे खाल्ले, तिसऱ्याकडे बघितलं.

"समुद्राचा मासा बरा लागतोय," ते म्हणाले. "वाईच खारट हाय."

तिसरा बांगडा मी स्वतः उचलून त्यांच्या ताटात घातला. बायको बघत होती की नाही ते मी मुद्दाम वळून बघितलं. बघत होती.

संध्याकाळी मी एकटाच सहमला परत आलो. बायको तिकडेच राहिली, ठरल्याप्रमाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान नेहमीपेक्षा लवकर उघडलं, बाहेरच्या गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारली आणि चांगल्या सागवानाच्या फळ्या काढून व्याह्यांसाठी खाट करायला घेतली. ते माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहेत, हे मला नीट ठाऊक आहे. खाट मी माझ्याच मापाची केली.